विमान सुरू होत नाहीं तेव्हां

लहान विमान जागेवरून हललें नाहीं, म्हणजे त्याचें एंजिन बिघडलें असावें, असा सामान्य माणसाचा पहिला तर्क असतो. एंजिन मोठें, आवाज करणारें, तेलानें माखलेलें. तेव्हां दोष त्याच्याच माथीं जावा यांत नवल नाहीं. पण विमानतळावर ज्यांचे दिवस जातात त्या माणसांना निराळाच अनुभव असतो. एंजिन ठणठणीत, पेट्रोल भरपूर, आकाश निरभ्र. आणि वीतभर लांबीच्या तांब्याच्या पट्टीखालीं चिमूटभर पांढरी भुकटी जमल्यामुळें सबंध सकाळ फुकट जाते. ही भुकटी शोधावयाची कशी, हा या भाषणाचा विषय आहे.

सातारा व सांगली या जिल्ह्यांना विमान अगदींच परकें नाहीं. कऱ्हाडजवळची धावपट्टी कोयना धरणाच्या कामाच्या निमित्तानें १९५५ च्या सुमारास तयार झाली. पुढें तिचा उपयोग मुख्यत्वें लहान विमानांना आणि उड्डाणाच्या शिक्षणाला झाला. सांगलीहून तासगांवकडे जातांना लागणाऱ्या कवलापूरच्या माळावरहि एक जुनी धावपट्टी आहे. तिचें भाग्य मात्र कऱ्हाडइतकें उजळलें नाहीं. या दोन जागांमध्यें सरळ रेषेंत सुमारें ६० किलोमीटरांचें अंतर. लहान विमानाला तें कापावयास वीस-बावीस मिनिटें पुरतात. खालीं कृष्णेचें पात्र आणि उसाचे मळे दिसतात, आणि पाठीमागें सह्याद्रीची रांग असते.

विजेच्या यंत्रांची ओळख तर या भागाला चांगलीच जुनी आहे. औंधच्या अधिपतींनीं दिलेल्या कुंडलच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९१० मध्यें कारखाना मांडला, त्याचें किर्लोस्करवाडी हें गांव झालें. साताऱ्यास कूपर यांच्या कारखान्यांत १९३० नंतरच्या दशकांत डिझेल एंजिनें तयार होऊं लागलीं. आज तर विहिरीवर मोटर नाहीं असा मळा विरळा. विजेचा दाब उतरला कीं मोटर नुसती गुणगुणते आणि फिरत नाहीं, हें वाळव्याच्या किंवा कोरेगांवच्या शेतकऱ्याला शिकवावें लागत नाहीं. विमानाच्या बॅटरीचें कोडें समजावयास या ज्ञानाची फार मदत होते, कारण मूळ नियम एकच आहे.

आरंभींच एक चमत्कारिक गोष्ट सांगितली पाहिजे. लहान विमानाच्या एंजिनाला चालत राहण्यासाठीं बॅटरी लागतच नाहीं. मोटारीची बॅटरी काढून घेतली व चार्जिंग बंद पडलें, तर मोटार थांबते. विमानाच्या एंजिनावर मात्र मॅग्नेटो नांवाचीं दोन स्वतंत्र यंत्रें बसविलेलीं असतात. एंजिन फिरलें कीं तीं फिरतात आणि आपली ठिणगी आपणच निर्माण करतात. एक निकामी झालें तर दुसरें असतें. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गें जुहूला उतरले. त्या काळीं अशा बहुतेक लहान विमानांचा पंखा माणूस हातानें फिरवून एंजिन सुरू करीत असे. जोरानें हिसका द्यावयाचा आणि चटकन् मागें सरावयाचें. त्या पद्धतींत किती जणांचे हात गेले आणि किती जणांचे प्राण गेले, याचा विचार केला म्हणजे विजेच्या स्टार्टरची योग्यता कळते.

एंजिनाला बॅटरी लागत नसेल तर तिच्यासाठीं एवढी यातायात कां? कारण एंजिन सोडून बाकीचें बरेंच कांहीं तिच्या मंडलावर अवलंबून असतें. स्टार्टर, रेडिओ, दिवे, पेट्रोल किती उरलें तें दाखविणारे कांटे, वळणाचें प्रमाण दाखविणारें उपकरण, आणि अनेक विमानांत उतरतांना पंखांच्या मागील झडपा खालीं करणारी मोटर, हीं सारीं विजेचीं आश्रित. स्वच्छ दिवसां, ओळखीच्या मुलुखावर हीं सर्व बंद पडलीं तरी वैमानिक विमान उतरवूं शकतो. पावसाळी ढगांत किंवा रात्रीं तीं बंद पडलीं म्हणजे प्रश्न जिवाचा होतो.

आतां विजेचा रस्ता पाहूं. बॅटरीच्या धन टोकापासून एक जाड तार निघते ती कॉन्टॅक्टर नांवाच्या डबीकडे जाते. वैमानिकासमोर जो मास्टर स्विच असतो तो हा मोठा प्रवाह स्वतः वाहून नेत नाहीं. तो फक्त या डबींतील वेटोळ्याला चेतवितो. वेटोळें चुंबक बनतें, आंतली पट्टी ओढतें, ‘टक्’ असा आवाज होतो, आणि मोठा रस्ता खुला होतो. तेथून एक फांटा सर्व उपकरणांकडे जातो. दुसरा जाड फांटा स्टार्टरच्या निराळ्या कॉन्टॅक्टरमधून स्टार्टरकडे जातो. येथपर्यंतचा रस्ता सर्वांच्या लक्षांत राहतो. परतीचा रस्ता मात्र बहुतेक लोक विसरतात. स्टार्टरमधून निघालेला प्रवाह एंजिनाच्या धातूंतून, तेथून एका विणलेल्या तांब्याच्या पट्टीनें विमानाच्या सांगाड्यांत, आणि सांगाड्यांतून दुसऱ्या पट्टीनें बॅटरीच्या ऋण टोकाला परत जावा लागतो. एंजिन रबराच्या गाद्यांवर बसविलेलें असतें. रबरांतून वीज जात नाहीं. म्हणून ती पहिली पट्टी. जितका प्रवाह गेला तितकाच परत आला पाहिजे. जाणारी वाट उत्तम आणि येणारी वाट बुजलेली असेल, तर काम मुळींच होणार नाहीं.

अशी कल्पना करावी कीं आषाढ महिना आहे, चार दिवसांच्या झडीनंतर कऱ्हाडला उघडीप पडली आहे, आणि एक विद्यार्थी विमान सुरू करूं पाहतो. मास्टर स्विच लावल्याबरोबर टक् असा आवाज होतो, दिवे लागतात. स्टार्टरचें बटण दाबतांच मात्र दिवे मंद होतात, पुढें टक्-टक्-टक् असा ताशासारखा आवाज येतो, आणि पंखा अर्धा वेढा घेऊन थांबतो.

“बॅटरी उतरली, मिस्त्री. दुसरी लावूं या,” विद्यार्थी म्हणतो.

“उतरली हें तुम्हांला कोणीं सांगितलें?” मिस्त्री विचारतात.

या प्रश्नाला विद्यार्थ्याजवळ उत्तर नसतें, कारण त्यानें कांहींच मोजलेलें नसतें. दिवे मंद झाले एवढेंच त्यानें पाहिलें. दिवे मंद होण्याचीं कारणें मात्र निदान चार असूं शकतात. नवी बॅटरी बसवावी, तिच्या ताज्या जोरानें एंजिन दोनचार दिवस सुरू व्हावें, आणि मग पुन्हा तोच प्रकार व्हावा, असें कितीतरी ठिकाणीं घडतें. पैसे गेले, दोष राहिला. आणि वाईट हें कीं आतां दोष नाहीं असा सर्वांचा समज झाला.

मिस्त्री मोजण्यास आरंभ करतील, पण त्याआधीं ते पंख्याकडे पाहतील. येथें मॅग्नेटोचा एक गुण अपाय करूं शकतो. घरांतल्या दिव्याच्या बटणाची तार तुटली कीं दिवा लागत नाहीं. मॅग्नेटोचें बटण याच्या बरोबर उलट काम करतें. तें मॅग्नेटोला ‘बंद’ करण्यासाठीं त्याचा एक वळसा धातूच्या अंगाशीं जोडून देतें. ही जोडणारी तार तुटली, तर किल्ली ‘बंद’वर असली तरी मॅग्नेटो जिवंतच राहतो. मग कोणी सहज पंख्याला हात लावून तो थोडा फिरविला, आणि सिलिंडरांत पेट्रोलची वाफ राहिलेली असली, तर एंजिन एक फटका मारूं शकतें. किल्ली खिशांत आहे या भरंवशावर पंख्यासमोर उभें राहणें हा म्हणूनच वेडेपणा होय. चाकांना ठोकळे लावावे, पेट्रोल बंद करावें, प्लगच्या तारा काढून ठेवाव्या, पंख्याच्या कक्षेंत कोणी येणार नाहीं असें पाहावें. मगच स्टार्टर फिरवून मोजमापें घ्यावीं. आणि स्टार्टरहि दहा सेकंदांवर एका दमांत दाबूं नये. तो थोड्या वेळासाठींच बनविलेला असतो, तापला तर जळतो.

पहिलें माप खुद्द बॅटरीचें. शिशाच्या बॅटरीचें तत्त्व फ्रान्समध्यें प्लान्ते यानें १८५९ मध्यें सिद्ध केलें, आणि अनेक सुधारणा होऊनहि मूळ रचना तीच आहे: शिशाच्या पट्ट्या आणि पातळ गंधकाम्ल. एका घराचा दाब दोन व्होल्टांहून किंचित् अधिक. सहा घरांची बॅटरी पूर्ण भरलेली व विसावलेली असेल तर काट्यावर सुमारें १२.६ व्होल्ट दिसतात. जुन्या लहान विमानांत अशी बारा व्होल्टांची बॅटरी असते, पुढच्या कित्येक विमानांत बारा घरांची, चोवीस व्होल्टांची. झांकणें उघडतां येत असतील तर हैड्रॉमीटरनें अम्लाची घनता पाहावी. भरलेल्या घरांत ती पाण्याच्या सुमारें १.२७ पट असते. उतरलेल्या घरांत ती १.१५ च्याहि खालीं जाते. पांच घरें सारखीं आणि एक फार खालीं असेल, तर तें घर मेलेलें आहे. त्या बॅटरीला कितीहि चार्ज केलें तरी उपयोग नाहीं. चैत्र-वैशाखांत कऱ्हाड-सांगलीच्या उन्हांत पाणी उडून पट्ट्या उघड्या पडतात, म्हणून उन्हाळ्यांत हें पाहणें अधिक वेळां करावें लागतें. पाणी ऊर्ध्वपातित घालावें, विहिरीचें नव्हे.

विसावलेल्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट दिसले म्हणून ती धडधाकट आहे असें मात्र समजूं नये. म्हाताऱ्या पैलवानाची छाती उभ्या उभ्या रुंदच दिसते. परीक्षा आखाड्यांत होते. स्टार्टर फिरत असतांना बॅटरीच्या दोन टोकांवर काय दाब राहतो हें पाहावें. तो सात-आठ व्होल्टांपर्यंत कोसळला, आणि स्टार्टर स्वतः अडकलेला नसला, तर विद्यार्थ्याचें निदान खरें. मिस्त्रींनीं मापलें तेव्हां समजा विसांव्याचा दाब १२.५ आणि स्टार्टर दाबल्यावरचा ११.२ भरला. म्हणजे बॅटरी आपलें काम करीत आहे. मग तो ताशा कां वाजला?

आतां मीटरचीं टोकें दुसरीकडे लावलीं: एक स्टार्टरच्या खुंटावर, दुसरें एंजिनाच्या उघड्या धातूवर. पुन्हां बटण दाबलें. तेथें फक्त ७.९ व्होल्ट. बॅटरी देते ११.२, स्टार्टरला मिळतात ७.९, वाटेंत ३.३ व्होल्ट कोणी खाल्ले? ही चोरी जाणाऱ्या वाटेवर झाली कीं परतीच्या, हें ठरविण्यास आणखी दोन मापें पुरतात. बॅटरीच्या धन टोकापासून स्टार्टरच्या खुंटापर्यंत ०.४ व्होल्ट. दोन कॉन्टॅक्टर आणि चार-पांच सांधे वाटेंत आहेत, तेव्हां हें चालण्यासारखें. एंजिनाच्या धातूपासून बॅटरीच्या ऋण टोकापर्यंत २.९ व्होल्ट! येथें तर तारेशिवाय कांहींच नाहीं. येथें जवळजवळ शून्य यावयास हवें होतें. मग तोच रस्ता पुन्हां विभागला. एंजिन ते सांगाडा ०.१, सांगाडा ते ऋण टोक २.८. चोर सांपडला. ०.४, ७.९, ०.१ आणि २.८ यांची बेरीज बरोबर ११.२ येते. अशी बेरीज जुळली कीं मापन खरें. न जुळली तर मीटरचें टोक कोठें तरी रंगावर टेकलेलें असतें.

या पद्धतींतली खुबी अशी कीं सर्व मापें प्रवाह वाहत असतांनाच घेतलेलीं आहेत. मळ्यांत पाइपाच्या आंत चिंधी अडकली असली, पण नळ बंद असला, तर दाबाचा कांटा सर्वत्र पूर्ण दाब दाखवितो. नळ सोडल्यावर मात्र चिंधीच्या अलीकडे जोर आणि पलीकडे थेंब थेंब. विजेचेंहि तेंच. जाड तारेच्या एकोणीस काड्यांपैकीं अठरा तुटून एक उरली असली तरी, प्रवाह नसतांना पलीकडे पूर्ण बारा व्होल्ट दिसतील. नवशिका तेवढ्यावर तार चांगली असल्याचा निर्वाळा देऊन मोकळा होतो.

रोध मोजणारा मीटर येथें कां चालत नाहीं, असा प्रश्न कोणी विचारील. जर्मनींत ओहम यानें १८२७ मध्यें जो नियम प्रसिद्ध केला, त्याचाच येथें हिशोब करावा. स्टार्टर १५० अँपिअर ओढतो असें धरलें, तर २.८ व्होल्ट खाणाऱ्या सांध्याचा रोध ओहमाच्या पन्नासाव्या भागाहूनहि कमी निघतो. मीटरच्या स्वतःच्या तारांचाच रोध याच्या कित्येक पट असतो. अर्थात् तो मीटर सांध्याला निर्दोष ठरवील. पण त्याच पन्नासाव्या भागावर, १५० अँपिअर वाहतांना, चारशेंवर वॅट उष्णता निर्माण होते, लहानशा इस्त्रीएवढी. म्हणून अनुभवी माणसें स्टार्टर फिरविल्यानंतर, तो थांबल्यावर, सांध्यांवर बोट ठेवून पाहतात. जो गरम तो गुन्हेगार. ही रीत ओबडधोबड आहे खरी, पण खोटी नाहीं.

आणि तो ताशाचा आवाज? स्टार्टरच्या कॉन्टॅक्टरचें वेटोळें पट्टी ओढतें, स्टार्टर प्रवाह मागतो, वाईट सांध्यामुळें दाब कोसळतो, वेटोळ्याला बळ उरत नाहीं, पट्टी सुटते. स्टार्टर सुटतांच दाब पुन्हां वर येतो, वेटोळें पुन्हां ओढतें. हें चक्र एका सेकंदांत कितीदां तरी फिरतें. उतरलेल्या बॅटरीनें हाच आवाज होतो, म्हणूनच तिच्यावर आळ येतो.

मिस्त्री बॅटरीची ऋण पट्टी सोडतात. ऋण टोक आधीं सोडावयाचें व शेवटीं जोडावयाचें, हा नियम विहिरीवरच्या ट्रॅक्टरलाहि लागू आहे. धन टोकावर पाना असतांना तो चुकून सांगाड्याला लागला तर ठिणग्यांचा भडका उडतो, आणि चार्ज होत असलेल्या बॅटरीभोंवतीं हायड्रोजन वायु असतो. ऋण टोक आधींच सुटलेलें असेल तर पाना लागला तरी मंडल पूर्ण होत नाहीं. पट्टी वरून चकचकीत दिसते. बोल्ट काढून ती उलटी केल्यावर खालीं पांढरी भुकटी. तांबें आणि अॅल्युमिनियम हे दोन भिन्न धातु. मध्यें पावसाचें दमट पाणी, त्यांत अम्लाचा अंश. ही स्वतःच एक बारीकशी बॅटरी झाली, आणि तिनें बळी घेतला तो अॅल्युमिनियमचा. सातारा जिल्ह्याच्या पश्चिम अंगास पावसाळ्यांत हवेंत किती ओलावा राहतो हें सांगावयास नको. भुकटी खरवडून धातु उजळ केला, ठरलेलें वॉशर व ठरलेलें संरक्षक लेपण वापरून सांधा घट्ट केला, आणि पुन्हां मापलें. २.८ च्या जागीं ०.१. पंखा गरगर फिरला.

या परतीच्या वाटेचा दुसरा दोष याहून भयंकर आहे. एंजिन आणि सांगाडा यांमधली पट्टी तुटली, किंवा एंजिन उतरवून पुन्हां बसवितांना ती जोडावयाची राहिली, तर प्रवाह स्वस्थ बसत नाहीं; तो दुसरी धातूची वाट शोधतो. थ्रॉटलची बारीक तार, तिच्यावरचें वेटोळ्याचें आवरण, पेट्रोलची एकादी धातूची नळी, जें सांपडेल त्यांतून तो स्टार्टरचा प्रचंड प्रवाह जातो. थ्रॉटलची तार तापून चिकटते. पेट्रोलची नळी तापली तर काय होईल हें सांगण्याची गरज नाहीं. स्टार्टर दाबतांना थ्रॉटलच्या मुठीजवळ जळका वास आला, तर पुन्हां एकदां दाबून पाहूं हा विचार मनांत आणूं नये.

कधीं कधीं मास्टर स्विच लावूनहि कांहींच होत नाहीं. टक् नाहीं, दिवा नाहीं. बॅटरीवर मात्र पूर्ण दाब असतो. अशा वेळीं कॉन्टॅक्टरच्या वेटोळ्याच्या त्या टोकाशीं मीटर लावावा, जें स्विचकडे जातें. अनेक लहान विमानांत हा स्विच वेटोळ्याचें हें टोक सांगाड्याशीं जोडण्याचें काम करतो. स्विच बंद असतांना तेथें सांगाड्याच्या मानानें बारा व्होल्ट दिसावे आणि लावल्याबरोबर शून्य व्हावें. लावूनहि बाराच राहिले तर स्विच किंवा त्याची तार तुटलेली. आरंभींच शून्य असेल तर वेटोळें जळालेलें, किंवा त्याला बॅटरीकडून येणारा दुवा सुटलेला. दोन मापांत निकाल लागतो. बॅटरी अगदीं शून्यावर गेली असेल तर वेटोळें ओढावयासहि बळ नसतें. मग बाहेरून वीज देऊनहि तो रस्ता कित्येक विमानांत उघडत नाहीं.

रात्रभर उभ्या विमानांत बॅटरी आपोआप उतरत असेल, तर ऋण टोकाच्या मार्गांत अॅमीटर घालून गळती मोजावी. पंचवीस अँपिअर-तासांची बॅटरी अर्ध्या अँपिअरच्या विसरलेल्या दिव्यानें पन्नास तासांत रिकामी होते. शनिवारीं दुपारीं गेलेल्या माणसाला सोमवारीं संध्याकाळीं ती तशी सांपडावी, यांत भुताटकी नाहीं.

आतां उलट तक्रार. एंजिन सुरेख सुरू झालें, विमान उडालें, आणि वर गेल्यावर अॅमीटरचा कांटा उण्याकडे झुकलेला दिसला. याचा अर्थ अल्टरनेटर वीज देत नाहीं आणि सर्व उपकरणें बॅटरीची पुंजी खात आहेत. एंजिन चालूच असल्यामुळें वैमानिकाला धोका जाणवत नाहीं. दाब नियंत्रित करणारा भाग बिघडला असेल, पट्टा सुटला असेल, क्षेत्र-वेटोळ्याची तार निखळली असेल, किंवा नुसता ब्रेकर उडाला असेल. नियमपुस्तकांत सांगितल्याप्रमाणें एकदां पूर्ववत् करून पाहावें. पुन्हां उडाला तर तो दाबून धरूं नये. अनावश्यक तेवढें सर्व बंद करावें, आणि जवळच्या धावपट्टीवर दिवसाउजेडीं उतरावें. त्या वीस मिनिटांच्या वाटेवर बॅटरी पुरेलहि. पण ढग आडवे येऊन वीस मिनिटांचीं साठ झालीं तर पुरेलच असें नाहीं.

११ ऑक्टोबर १९८३ रोजीं अमेरिकेंत इलिनॉय प्रांतांत एअर इलिनॉय कंपनीचें एक विमान रात्रीं स्प्रिंगफील्डहून कार्बनडेलकडे निघालें. तें लहान नव्हे, दोन एंजिनांचें, हॉकर सिडली ७४८ जातीचें होतें. याच जातीचीं विमानें भारतांतहि बनलीं आहेत. उड्डाणानंतर लगेच डावें जनित्र बंद पडलें. गडबडींत चुकून उजव्याचा, म्हणजे चांगल्या जनित्राचा, संबंध तोडला गेला आणि तो पुन्हां जुळेना. परतीचा विमानतळ अगदीं जवळ होता. तरीहि पुढें जाण्याचें ठरलें. बॅटरी अर्ध्या तासाहून थोडी अधिक टिकली. ती संपल्यावर ढगाळ काळोखांत दिशा व स्थिति दाखविणारीं उपकरणें गेलीं, आणि विमान कोसळून त्यांतील दहाहि माणसें मृत्यु पावलीं. दोन्हीं एंजिनें शेवटपर्यंत चालूं होतीं.

हें ध्यानांत ठेवलें म्हणजे दुसऱ्या बॅटरीवरून तार लावून एंजिन सुरू करण्याच्या प्रघाताकडे निराळ्या दृष्टीनें पाहतां येतें. जीपच्या बाबतींत तो सोयीचा आहे. वाटेंत बंद पडली तर ढकलतां येते. विमानांत मात्र उतरलेली बॅटरी तशीच घेऊन माणूस आकाशांत जातो. एंजिन मॅग्नेटोवर चालतें, सर्व कांहीं सुरळीत दिसतें, आणि अल्टरनेटर थकला तर पाठीशीं पुंजी कांहींच नसते. शिवाय रिकाम्या बॅटरीला भरण्याचा सगळा भार एकदम अल्टरनेटरवर पडतो. घाईच्या वेळीं हा सल्ला कडू वाटतो, विशेषतः विद्यार्थ्याची परीक्षा असली किंवा पाहुणे थांबलेले असले म्हणजे. बॅटरी उतरवून, नीट चार्ज करून, कां उतरली याचें कारण सांपडल्यावरच ती परत बसवावी.

कऱ्हाडच्या त्या कल्पित सकाळीं पंखा फिरला तरी काम संपलेलें नसतें. मिस्त्री प्लगच्या तारा जागच्या जागीं लावतात, दुसऱ्या बाजूच्या पट्टीचाहि बोल्ट काढून तिच्याखालीं पाहतात. तेथें अजून भुकटी नाहीं, पण डाग पडूं लागला आहे. तोहि साफ होतो. मग परवानाधारक अभियंता येतो, स्वतः माप घेतो, विमानाच्या वहींत दोष, उपाय आणि मोजलेले आंकडे लिहितो, आणि सही करतो. त्या सहीशिवाय विमान उडत नाहीं. विद्यार्थी किल्ली घेऊन आंत बसतो. एंजिन सुरू होतें. अॅमीटरचा कांटा प्रथम अधिकाकडे झेंप घेतो, आणि बॅटरी आपली उणीव भरून काढते तसा हळू हळू मध्यावर येतो.